पाळण्यातला वरवंटा

डॉक्टरांनी आम्हाला एकेकटं आत बोलावलं. आधी भावजयीला, मग भावाला, मग आईला. मी त्या वेळी घरात नव्हते, हे सांगितल्यावरही मला आत जावं लागलं. प्रश्न सगळ्यांना एकच होता: मूल कसं पडलं? मी बोलत असताना डॉक्टरीणबाई माझ्या चेहऱ्याकडे कमी आणि हातांकडे जास्त पाहत होत्या.

भाची तेव्हा चार महिन्यांची होती. तिच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. जे मूल अजून पालथंही पडत नाही त्याच्या मांडीचं हाड सहसा मोडत नाही, आणि मोडलं तर डॉक्टरांनी घरच्यांवर संशय घ्यायचा असतो. हा त्यांच्या कामाचा भाग आहे हे मला ठाऊक होतं. दिल्लीतल्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी अनेक वर्षं काम करते आहे. अशा बातम्या मी कापल्या आहेत, त्यांना मथळे दिले आहेत. रुग्णालयाने पोलिसांना कळवलं. चौकीतून हवालदार आला, त्याने जबाब घेतले आणि भावजयीला दोनदा विचारलं, "आप किचन में थीं, ये किसने देखा?"

ती किचनमध्ये होती हे कुणीच पाहिलं नव्हतं. आई खोलीत होती, पण कपाटाकडे तोंड करून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने आवाज ऐकला आणि मागे वळली. पाळण्याची झोळी खाली आली होती आणि बाळ स्टँडच्या खालच्या नळीवर आपटलं होतं. भाऊ कारखान्यात होता.

रुग्णालयाच्या कागदावर लिहिलं गेलं की मूल पाळण्यातून पडल्याचं "कथित" आहे. भावजयीने तो शब्द वाचला आणि कागद माझ्यापुढे धरला.

"हे काय आहे, ताई?"

"सगळ्यांच्या कागदावर असतं ते. पद्धत आहे. डॉक्टरांनी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून."

"तुमच्या पेपरात तुम्ही ज्याच्यापुढे कथित लावता, त्याचं लोक खरं धरतात?"

त्यानंतर सव्वा वर्ष जे चाललं ते या प्रश्नासाठी चाललं, असं मला वाटतं. नुकसानभरपाई मागितली गेली, पण भावजयीला हवं होतं ते वेगळं: कुणीतरी, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा कुणीतरी, लिहून द्यावं की पाळणा सदोष होता आणि तिने मुलीला काही केलं नाही.

पाळणा ऑनलाइन मागवलेला होता. घडीचा स्टीलचा स्टँड, वरच्या दांडीला आकडा, आकड्यात स्प्रिंग आणि स्प्रिंगला झोळी. आकडा मधोमध तुटला होता. भावाच्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग बनतात, त्यामुळे तुटलेली कड पाहून तो म्हणाला की हा आकडा ओतीव आहे, आत हवेचे बुडबुडे राहिले आहेत, असा भाग आमच्याकडे पहिल्याच तपासणीत बाद होतो. पण पाळणा जोडला होता त्यानेच. त्या रात्री आई त्याला म्हणाली, "एवढा तपासणीवाला, मग घरचा आकडा तपासायला काय झालं होतं?" भावजयीने आईकडे पाहिलं. घरातल्या प्रत्येकाकडे दुसऱ्यासाठी एक प्रश्न तयार होता, आणि तो बहुतेक वेळा विचारला जात नव्हता.

मी एवढंच केलं की कुणाला त्या पाळण्याला हात लावू दिला नाही. आधी फोटो, मग आकड्याचे दोन्ही तुकडे पिशवीत, पिशवी दिल्लीत माझ्या मुनिरकाच्या खोलीत.

कंपनीला तक्रार पाठवल्यावर काही दिवसांनी त्यांचा माणूस फरीदाबादला भावाच्या घरी आला. तिशीचा असेल. बूट बाहेर काढून, आईच्या पाया पडून आत आला. सोबत नवा पाळणा खोक्यासकट, आणि मुलीसाठी बाहुली. मुलगी कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये होती. त्याने तिच्याकडे पाहून डोळे मिटले, हात जोडले. मला त्याचं वागणं आवडलं नाही, पण त्यात बोट ठेवण्यासारखं काही नव्हतं.

"माताजी, टूटा हुआ पीस दे दीजिए. लैब में भेजेंगे. हम भी जानना चाहते हैं."

"फोटो भेज देंगे," मी म्हटलं.

"दीदी, फोटो से लैब नहीं होती."

"लैब हम करा लेंगे. रिपोर्ट आपको भी देंगे."

तो हसला. चहा घेतला. उठता उठता, बूट घालताना, सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "अच्छा, वो फंक्शन में कोई पत्थर-वत्थर रखा था क्या पालने में?"

आईने बशी उचलली आणि आत गेली.

पत्थर होता. मराठी घरात वाढलेल्या वाचकाला ते सांगायला नको. बारशाला वरवंट्याला अंघोळ घालतात, झबलं-टोपडं चढवतात, पाळण्याखालून पलीकडे देतात-घेतात आणि बाळाच्या आधी त्यालाच पाळण्यात निजवतात. दिल्लीत चाळीस वर्षं काढूनही आईने हे सोडलं नव्हतं. आमच्या घरी मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंटा उरला नाही, म्हणून तो सरोजिनी नगरच्या काकूंकडून आणला होता. वडील नोकरीत असताना आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि काकू शेजारी. आता त्या त्याच भागात मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. वरवंटा बाळाच्या पायाशी थोडा वेळ तसाच राहिला, मी आत्या म्हणून कानात नाव सांगितलं, बायकांनी पाळणा म्हटला, मग वरवंटा काढून ठेवला. या गोष्टीला अपघातापर्यंत काही महिने झाले होते.

आम्ही ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. तक्रारीत तिचा उल्लेख नव्हता, कारण आमच्या लेखी तिचा संबंधच नव्हता. मग त्याला कसं कळलं?

डेस्कवर एखादी बातमी अचानक आली की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. ही कुणी दिली, आणि त्यात त्याचा काय फायदा? मी घरी हेच प्रश्न मांडले. बारशाला आलेल्या बायकांची नावं आम्ही आठवली. बहुतेक भावाच्या सोसायटीतल्या होत्या, त्यांना वरवंटा म्हणजे काय हेही कळलं नव्हतं, एकीने तर टोपडं घातलेला दगड पाहून "हाय, कित्ता क्यूट!" म्हणून फोटो काढला होता. चौकशी आधी तिची झाली. तिने फोटो दाखवला. तो तिने कुणाला पाठवलाच नव्हता. मग काकू. काकूंचा जावई ऑनलाइन माल विकणाऱ्या एका कंपनीत होता. बारशाला तो जेवायला आला होता. पाळण्याची स्प्रिंग दाबून पाहत, "कितने का पड़ा?" असं त्याने भावाला विचारलंही होतं.

"तोच," भाऊ म्हणाला.

"कशावरून?" मी म्हटलं.

"मग दुसरं कोण? तूच सांग."

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंना बोलावणं गेलं नाही. काकूंचा फोन आला तेव्हा आईने तो भावजयीकडे दिला आणि भावजयीने "आम्ही जरा गडबडीत आहोत" म्हणून ठेवला. काकूंच्या लक्षात आलंच असणार.

ग्राहक आयोगाकडे तक्रार भावजयीने स्वतः दाखल केली. वकील लागतोच असं नाही, हे तिने शोधून काढलं. तक्रार लिहायला तिने मला सांगितलं. मी बातमीसारखी लिहिली: काय, कुठे, कधी, कसं. तिने ती वाचून परत दिली आणि म्हणाली, "यात मी कुठेच नाही." मग तिने स्वतः एक परिच्छेद घातला. मी मुलीला झोळीत ठेवलं, कुकरची शिट्टी झाली म्हणून गेले, कुकर बंद केला, परत येत होते तेव्हा आवाज झाला. एवढंच होतं त्यात. मला तो परिच्छेद कमकुवत वाटला. साक्षीदार नसलेली गोष्ट कागदावर घालू नये, असं मी तिला सांगितलं. तिने तो काढला नाही.

भावाने आकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतला. अहवाल त्याच्या अंदाजासारखाच आला. कंपनीने लेखी उत्तर दिलं: तो आकडा आमच्याच पाळण्याचा कशावरून? आणि तो असला तरी तक्रारदाराने पाळण्यात जड दगड ठेवून उत्पादनाचा गैरवापर केला आहे. त्यानेच आकडा आतून कमजोर झाला असणार.

"म्हणजे आता दगडाचं वजन दाखवावं लागणार," भावजय म्हणाली. "वरवंटा आणायला हवा."

कुणी जायचं हा प्रश्न होता. मी गेले.

काकूंनी दार उघडलं आणि मला आत घेण्याआधी विचारलं, "काय गं, आता कुणाचं बारसं?"

"काकू, वरवंटा हवा होता. आयोगात दाखवायला."

"आयोगात? अरे वा. त्याला टोपडं घालून नेणार का तसाच?"

मी उभीच होते. आतून जावयाचा आवाज आला, "मम्मी, कौन है?"

"ज्यांचा फोन येत नाही ना, त्यातली एक आली आहे," काकू मराठीत म्हणाल्या. त्याला मराठी येत नाही. मग माझ्याकडे वळून: "बैस. पाणी पी. आणि तोंडाने विचार, काय विचारायचं असेल ते. तुझी आई तर विचारणार नाही, तिला आधीपासून सगळं मनात ठेवायची खोड."

मी विचारलं. जावयाने कंपनीत कुणाला काही सांगितलं का.

काकूंनी त्यालाच बोलावलं आणि माझ्यासमोर हिंदीत विचारलं. तो आधी गोंधळला, मग रागावला. तो चादरी आणि पडदे विकणाऱ्या विभागात होता. पाळणे कोण बनवतं हे त्याला माहीतही नव्हतं. "दीदी, मैंने तो पत्थर देखा भी नहीं, मैं तो श्रीखंड खा रहा था."

मला त्याचं खरं वाटलं, निदान बरंचसं. पण एखाद्याचं पटकन खरं वाटलं की मी तिथेच थांबते. पडताळल्याशिवाय पुढे सरकायची सवय मला नाही. काकूंनी वरवंटा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि जिन्यापर्यंत आल्या. "परत करायला तू येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आईला पाठव."

सुनावणीच्या दिवशी आयोगाच्या खोलीत गर्दी होती. कुणाचा फ्रिज, कुणाचा विमा, कुणाचा फ्लॅट. आमचा पुकारा झाला तेव्हा कंपनीच्या वकिलाने पहिल्याच वाक्यात दगड काढला.

"सर, इन लोगों ने बच्चे के पालने में सिलबट्टे का पत्थर रखा. ये मानते भी हैं."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "पालने में पत्थर? क्यों?"

"सर, हमारे यहाँ नामकरण में पहले उसी को सुलाते हैं," भावजय म्हणाली. "कि बच्चा उसके जैसा मज़बूत हो."

"सीधा पत्थर रख देते हैं?"

"नहीं सर. नहलाकर. कपड़े पहनाते हैं, टोपी भी."

मागच्या बाकांवर हसू फुटलं.

"नाम भी रखते हैं उसका?"

"नहीं सर, नाम बच्चे का ही रखते हैं."

अध्यक्षही हसले. भावजय हसली नाही. तिने वर्तमानपत्र सोडून वरवंटा टेबलावर ठेवला, वजनाची पावती ठेवली आणि पाळण्याच्या खोक्यावरची वजनाची मर्यादा दाखवली. वरवंटा मुलीपेक्षा हलका होता. दोघांचं मिळून वजन मर्यादेच्या बरंच आत होतं.

"वज़न की बात नहीं है, सर," वकील म्हणाला. "बात ये है कि इन्हें खुद शक था कि पत्थर से टूटा." आणि त्याने मोबाइलवर आवाज लावला.

"हमारे यहाँ बारसे में बट्टा रखते हैं पालने में. मैंने ही बोला था रखने को. उससे टूटा क्या? सच बताना, बेटा."

आवाज थांबला. ज्याला शोधण्यासाठी आम्ही एक घर तोडलं होतं तो आवाज आमच्याच आईचा होता.

"ये कौन हैं?" अध्यक्षांनी विचारलं.

वकिलाकडे नाव नव्हतं. फोन भावाच्या नंबरवरून आलेला होता, आवाज एका वयस्क बाईचा होता, एवढंच तो सांगू शकत होता. भावजय "मला माहीत नाही" म्हणू शकली असती. मला वाटलं ती म्हणेल.

"मेरी सास हैं, सर," ती म्हणाली. आणि लगेच पुढे, "इसके बाद क्या जवाब मिला? इन्होंने पूछा है, तो किसी ने बताया भी होगा."

"रिकॉर्डिंग इतनी ही है," वकील म्हणाला.

"सवाल का रिकॉर्डिंग है, जवाब का नहीं?"

अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

मेट्रोत भाऊ म्हणाला, "कशाला सांगितलंस आई म्हणून? त्यांना सिद्ध करू द्यायचं होतं."

"मग उत्तर कुठे आहे, हे मी कोणत्या तोंडाने विचारलं असतं?"

घरी आई वाटाणे सोलत होती. तिला सांगायची गरज पडली नाही. आमच्या चेहऱ्यांवरून तिला कळलं असावं. तिने ताट बाजूला ठेवलं.

"रुग्णालयातून केला होता फोन," ती म्हणाली. "तू डॉक्टरांकडे आत गेली होतीस आणि हा औषधं आणायला खाली. याचा फोन माझ्याकडे होता. त्यात पाळण्याच्या खोक्याचा फोटो होता, त्यावर कंपनीचा नंबर."

"पण त्यांना कशाला विचारायचं, आई?" भाऊ म्हणाला. "त्यांना?"

"ज्यांनी बनवला त्यांनाच माहीत असणार ना. मला वाटलं, तेच खरं सांगतील. डॉक्टर तर आपल्याकडे चोर असल्यासारखं बघत होत्या."

भावजय तिच्यासमोर बसली. "आणि काय सांगितलं त्यांनी?"

"पोरगी होती कुणीतरी. म्हणाली, माताजी, पत्थर से क्या होगा, आप टेंशन मत लो. म्हणाली, वो हुक तो अब हमने बदल दिया है, आपको पुराना पीस आ गया होगा."



"हे तुम्ही आत्ता सांगताय?" भावजयीचा आवाज चढला नव्हता, पण ती उठून उभी राहिली होती. "सहा महिने झाले, आई."

"दगडाने नाही तुटला, एवढं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पुढचं मी कानाने ऐकलं, मनात नाही घेतलं. मग तो माणूस घरी आला आणि त्याने दगडाचंच विचारलं. तेव्हा वाटलं, ती पोरगी माझी समजूत काढायला बोलली होती." आई थांबली. "आणि तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही काकूंच्या जावयामागे होतात."

ते बरोबर होतं. बारशाला आलेल्या प्रत्येकीची चौकशी झाली होती. आईची झाली नव्हती.

तरीही मी लिहून ठेवते की त्या संध्याकाळी मला आईच्या सांगण्यावर पूर्ण विश्वास बसला नाही. साक्षीदाराला उशिरा आठवलेलं वाक्य, तेही नेमकं सोयीचं वाक्य, डेस्कवर मी छापू दिलं नसतं. मी तिला तीच गोष्ट तीन वेगळ्या रीतींनी विचारली. ती दर वेळी तेच म्हणाली, फक्त तिसऱ्यांदा जोडलं, "तू पण त्या डॉक्टरीणबाईसारखंच करतेस."

भावजयीने आईला एकदाच विचारलं होतं. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तोच पाळणा आज विकत मिळतो?"

मिळत होता. फोटो तोच, खोकं तेच. आमच्या पत्त्यावर मागवला तर निवडून चांगला नग पाठवतील, अशी तिला भीती होती. म्हणून माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या नावाने, मुनिरकाच्या पत्त्यावर तो मागवला आणि खोकं उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रीकरण केलं. आकडा वेगळा होता. जाड, अखंड, घडवलेल्या लोखंडाचा. जुना त्याच्या शेजारी ठेवला तर खेळण्यातला वाटत होता. भावाने दोन्ही हातात धरून उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "उगीच कुणी भाग बदलत नाही. बदलायला खर्च येतो."

आयोगाने संपूर्ण ध्वनिमुद्रण मागितलं. कंपनीने कळवलं की ठरावीक मुदतीनंतर अशी मुद्रणं धोरणानुसार पुसली जातात. एक तुकडा तेवढा कसा उरला, याचं उत्तर त्यात नव्हतं. आकडा कधी आणि का बदलला, या प्रश्नावर त्यांनी लिहिलं की उत्पादनात सतत सुधारणा केली जाते.

आणि मग तो पाया पडणारा माणूस पुन्हा आला. या वेळी खोकं नव्हतं, बाहुलीही नव्हती.

"दीदी, घर की बात घर में निपटा लेते हैं. इलाज का सारा खर्चा, ऊपर से बच्ची के नाम अलग. बस एक काग़ज़ पर साइन."

कागदावर होतं की पाळण्यात कोणताही दोष नव्हता, अपघात घरातल्या हलगर्जीमुळे झाला, आणि तक्रारदार खुशीने तक्रार मागे घेत आहे.

तो गेल्यावर भाऊ म्हणाला, "घेऊन टाकू. मुलगी चालायला लागली आहे, पाय बरा आहे. अजून किती तारखा करणार तू?"

"तू सही करशील त्या ओळीखाली?"

"कागद आहे यार. कोण वाचतंय?"

"चौकीवाला वाचेल. डॉक्टर वाचतील. मोठी झाल्यावर ही वाचेल." तिने मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला हवं तर तू सही कर. तक्रार माझ्या नावाने आहे."

आईने त्या रात्री भावाला ताट वाढलं आणि म्हणाली, "ती म्हणते तसं होऊ दे." दोघींमध्ये मी ऐकलेलं हे पहिलं एकमत.

आदेश आला तो भावजयीच्या बाजूने. उपचाराचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई, दाव्याचा खर्च. त्यात असंही म्हटलं होतं की कंपनीने स्वतःला सोयीचा भाग जपला आणि उरलेला नष्ट होऊ दिला, तेव्हा तो भाग तिच्या विरोधात होता असंच धरावं लागेल. इजा सदोष आकडा तुटल्यामुळे झाली, मुलीच्या आईच्या निष्काळजीपणाचा पुरावा नाही, अशी एक सरळ ओळ होती. कंपनीने राज्य आयोगाकडे अपील केलं आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत, आणि केव्हा मिळतील हे कुणी सांगू शकत नाही. आईने काकूंना फोन करून सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या. त्यांचा फोन त्यानंतर आलेला नाही.

आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली त्याच दिवशी भावजय चौकीवर गेली. मी सोबत होते. जबाब घेणारा हवालदार बदलून गेला होता. टेबलावरच्या दुसऱ्याने नाव विचारलं, कपाटातून रजिस्टर काढलं, बोटाने ओळी खाली सरकवल्या.

"मैडम, ये तो कब का बंद हो गया. कुछ मिला नहीं था. उसी महीने बंद कर दिया."

"उसी महीने?"

"हाँ जी."

"हमें तो किसी ने बताया नहीं."

"बताने का कुछ था ही नहीं ना. कुछ निकलता तो बुलाते."

ती उभी होती. सव्वा वर्ष घराबाहेर मोटारसायकल थांबली की ती खिडकीपाशी जायची. लसीकरणाला गेल्यावर डॉक्टरांच्या समोर मुलीचे कपडे स्वतः काढून सगळं अंग दाखवायची, कुणी मागितलं नसलं तरी. मला वाटलं ती आता निघेल.

"दिखाइए," ती म्हणाली.

"जी?"

"क्या लिखकर बंद किया, मैं पढ़ूँगी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टर फिरवलं. दोन शब्द होते आणि एक सही. तिने ते वाचले, बोट न ठेवता. मग पिशवीतून आदेशाची प्रत काढली.

"ये इसके साथ लगाइए."

"मैडम, बंद केस में मैं इसको कहाँ लगाऊँ? ज़रूरत नहीं है इसकी."

"आपको नहीं होगी. लगाइए. और मेरी कॉपी पर रिसीविंग दीजिए."

त्याने सुस्कारा टाकला, शिक्का शोधला, दुसऱ्या प्रतीवर उमटवला, सही केली आणि प्रत तिच्याकडे दिली. आम्ही दारापर्यंत आलो होतो. तिने उजेडात शिक्का पाहिला. त्यावरची तारीख कालची होती.

ती मागे फिरली आणि कागद पुन्हा त्याच्या टेबलावर ठेवला.